मधली पानं

१९ जानेवारी

प्रिय धाकटे,

पत्र माझंच आहे, दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. काही मागायला लिहीत नाही हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुला शेवटपर्यंत ते शोधत बसावं लागणार नाही. फोन करता आला असता. पण अर्धं आयुष्य शिलाई मशिनींच्या आवाजात गेलं, आता फोनवर मला ओरडूनच बोलता येतं, आणि मी ओरडलो की तू म्हणशील, दादा परत भांडायला उठला.

चार वर्षांपूर्वी जे झालं ते उगाळायचं नाही. तू नवी कोरी पुस्तकं आणलीस, मी ती परत पाठवली. तू म्हणालीस, पोरगी माझ्याकडे ठेव, इथे काय शिकणार ती. मी म्हणालो ते म्हणालो. तिखट तोंड दोघांनाही आईकडून आलंय. ते तिथेच राहू दे.

बातमी अशी की मुंगीने टेकडीवरच्या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा दिली. तू ठेवलेलं नाव अजून तेच आहे. अकरा वर्षांची झाली तरी स्वतःपेक्षा मोठं ओझं उचलून भिंतीच्या कडेकडेने चालते. त्या शाळेत आमच्यासारख्यांच्या मुलांसाठी थोड्या जागा असतात. फी नाही, राहणं-जेवण शाळेचं, आणि वाचनालय म्हणे दोन मजली. आमच्या वस्तीतल्या शाळेतून मुंगी एकटी बसली. मिळेल तिला. 'मिळेल' लिहितोय, 'मिळेल बहुतेक' नाही, याची नोंद घे.

तू म्हणशील, अभ्यास कुठे करते? आम्ही आता कारखान्याच्याच वरच्या खोलीत राहतो. खाली मशिनी सुरू झाल्या की वर तांब्यातल्या पाण्यावर लाटा उठतात. म्हणून मुंगी खालीच, कापणीच्या टेबलाखाली बसते. तिथे दिवा आहे आणि कुणाचे पाय लागत नाहीत. टेबलावर तुझी वहिनी तयार शर्टांचे धागे कापत असते, ते पोरीच्या केसांत अडकतात. सुपरवायझर बाई मला म्हणतात, "मेस्त्री, ही तुमची मुलगी आहे की बॉबिन?"

पुस्तकं जुनी घेतो. सुटलेली पानं मी चामड्याच्या जाड सुईने मशिनीवर शिवतो, कडा सरळ कापतो, नव्याशेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही. मधलं एखादं पान नसतं, ते काही मला तयार करता येत नाही. पहिल्यांदा असं पान गेलेलं दिसलं तेव्हा तिने मला दाखवलं होतं. मी सांगितलं, आहे तेवढं वाच, नाही ते डोक्याने भर. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. कधीच, कशाबद्दलच नाही. मी ज्या रीतीने शिकलो त्याच रीतीने ती शिकते. थोरले मेस्त्री तुला आठवत असतील. सुईचा दोरा खालून पकडणारा हुक असतो, त्याची वेळ केसभर चुकली की टाके सुटतात. तो हुक बसवायची वेळ आली की थोरले मेस्त्री माझ्याकडे पाठ करायचे. आमच्या धंद्यात सगळेच करतात. विचारलं तर म्हणायचे, "डोळे काय भाड्याने दिलेत का?" मी त्यांच्या काखेतून बघून शिकलो. आज या पट्ट्यात असं मशीन नाही जे मला चालू करता येत नाही.

परीक्षेच्या दिवशी त्या मोठ्या शाळेच्या फाटकात मी उभा होतो. आयाबापांचा नुसता कलकलाट. एक गृहस्थ पोराला सांगत होता, "काही कळलं नाही तर सरळ हात वर कर हं, बाईंना विचार, लाजायचं नाही, त्या त्यासाठीच असतात." मला हसू आलं. ज्याला बाईंना विचारून लिहायचंय त्याने घरीच बसावं ना! मी मुंगीला एवढंच म्हणालो, "मान खाली, हात चालू. कुणाला त्रास द्यायचा नाही."

बाहेर आली तेव्हा चेहरा शांत होता. म्हणाली, सगळं लिहून झालं, मग बराच वेळ हाताची घडी घालून बसले. इतरांचे हात शेवटच्या घंटेपर्यंत चालू होते म्हणे.

कळावं म्हणून लिहिलं.

तुझा दादा

३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. खरं सांगायचं तर एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. तुझ्या वहिनीने ते दोनदा वाचून घेतलं, आणि आता आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय, त्यामुळे मला दाढी करताना तुझं अक्षर बघावं लागतं.

तू विचारलंस, जहाजाच्या उताऱ्यावरचे प्रश्न तिला कसे गेले, तुझ्या शाळेतल्या मुलांना ते अवघड वाटले. मी मुंगीला विचारलं. ती म्हणाली, उतारा नव्हता. तेव्हा तुमच्याकडे पेपर वेगळा असणार. शहरागणिक पेपर बदलतात असं मी कुठेतरी वाचलंय. तू मास्तरीण आहेस, तुला जास्त माहीत, पण प्रत्येक गोष्ट तुमच्याकडे असते तशीच सगळीकडे असते असं नाही.

तिच्या वर्गाच्या बाई परवा कारखान्याच्या दारात भेटल्या. म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण तोंड उघडेल तर शपथ. चुकलं तरी गप्प, बरोबर आलं तरी गप्प. मला कळायचं कसं?" मी म्हणालो, "वही बघा की." त्या म्हणाल्या, "वर्गात साठ वह्या आहेत, भाऊ." म्हणाल्या ते हसतच, पण ओठांच्या कडा खाली होत्या. आमच्या शाळेत मुलं कोंबलेली असतात. तुमच्या शाळेत मोजून वीस-पंचवीस, त्यातही गप्प बसलेल्याला बाई स्वतः जाऊन विचारतात, हे तूच एकदा सांगितलं होतंस. मला तेव्हा ते लाड वाटले होते.

बाकी ठीक. जुन्या मशिनींचे पट्टे बदलतोय. निकाल महिन्याने.

दादा

७ मार्च

धाकटे,

यादीत नाव नाही.

काल शाळेच्या फळ्यावर लावली. मी वरून खाली वाचली, मग खालून वर. निकालाचा कागद उत्तरपत्रिकेच्या प्रतीसकट हातात आला तेव्हा आधी मला वाटलं तपासणाऱ्याने गोंधळ घातला. जेवढे प्रश्न तिने सोडवले त्यांत एकच चुकलाय. एकच! आणि मधला एक अख्खा पट्टा कोरा. एकामागून एक गोल, एकही काळा केलेला नाही.

तुझ्या कार्डातलं जहाज आठवलं. प्रश्नपत्रिका मुलांना घरी नेऊ दिली होती, ती मुंगीकडून मागून घेतली. घडीचे कागद एकात एक, मध्ये दोन पिना. आठव्या पानानंतर तेरावं. सगळ्यात आतला कागद लागलाच नाही. कुणी फाडलेला असता तर पिनेखाली कागदाची चिंधी राहिली असती. ती नाही, आणि पिनांचे पाय एका कागदाइतके सैल आहेत. म्हणजे छापखान्यातच राहिला.

मग जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी म्हणालो, "हे बघितलंस?"

"हो."

"कधी?"

"तिथेच. आठनंतर तेरा आलं."

"मग?"

"मग तेरापासून केलं."

तुझी वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बये, मग सांगायचं नाही का बाईंना?"

मुंगी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "पुस्तकात पण नसतात ना पानं."

"हे पुस्तक आहे का?" मी ओरडलो. ओरडायला नको होतं. ती टेबलाखाली सरकली आणि तिथूनच बोलली. "शेजारच्या मुलीकडे होती ती पानं. वर जहाजाचं चित्र होतं. मला वाटलं, ती त्यांची असतील. पैसे भरून शिकतात त्यांची."

धाकटे, हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते शोधायला मला लांब जावं लागलं नाही. कारखान्यात लिफ्ट आहे, ती साहेबांची. थंड पाण्याचं मशीन आहे, ते ऑफिसवाल्यांचं. पंख्याखालची खुर्ची सुपरवायझर बाईंची, मागच्या जिन्याचा दिवा मालासाठी, माणसांसाठी नाही. ती चालायला लागल्यापासून मी तिला बोट धरून हे दाखवत आलोय. "ते आपलं नाही. हात लावू नकोस." चांगलं वळण लावतोय असंच मला वाटत होतं. कुणाला विचार, ती पोरगी कुठे हात लावत नाही.

मला राग कुणाचा आलाय ते कळत नाही. छापखान्याचा येतो. वर्गातून तीन तास फेऱ्या मारून जिला एक पोरगी हाताची घडी घालून बसलेली दिसली आणि काही वाटलं नाही, त्या पर्यवेक्षक बाईंचा येतो. फाटकातल्या त्या गृहस्थाचा तर फारच येतो, आणि त्याने माझं काहीही बिघडवलेलं नाही.

दादा

१४ मार्च

प्रिय धाकटे,

कारखान्याच्या फोनवर तू ठेवलेला निरोप सुपरवायझर बाईंनी दिला. फेरतपासणीसाठी परीक्षेच्या ऑफिसात स्वतः जायचं, प्रश्नपत्रिका दाखवायची, पंचवीस तारखेच्या आत. समजलं.

गेलो होतो. ऑफिस बंद होतं.

परत जाईन. कामाचा खाडा सारखा करता येत नाही, नव्या मशिनी यायच्या आहेत.

दादा

१७ मार्च

प्रिय धाकटे,

ऑफिस बंद नव्हतं.

सकाळीच पोचलो. इस्त्रीचा शर्ट, प्रश्नपत्रिका पुठ्ठ्यात घालून. आत लांबट खोली, एकाला एक जोडलेल्या खुर्च्या, समोर काचेची खिडकी आणि काचेला खाली अर्धगोल भोक. त्या भोकातून बोलायचं तर वाकावं लागतं. उंची कुणाच्या मापाने काढली कोण जाणे. उभं राहून बोलता येत नाही आणि बसून पोचत नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि बघायला लागलो. म्हटलं, चार जणांचं बघितलं की रीत कळेल. आधी कागद सरकवायचा की आधी बोलायचं, साहेब म्हणायचं की मॅडम, अर्ज आपण लिहायचा की ते देतात. असंच शिकलोय ना मी सगळं.

पण खिडकीशी गेलेल्या प्रत्येकाची पाठ माझ्याकडे. वाकून हळू बोलतात, काही ऐकू येत नाही. काम झालं की वळतात आणि निघून जातात. काखेतून बघायचं म्हटलं तर लोक बॅग छातीशी धरतात.

गर्दी ओसरली. आतला कारकून काचेवर पेन वाजवून म्हणाला, "काय हवंय?"

मी म्हणालो, "काही नाही."

"मग मघापासून उभे का?"

"बघतोय."

"इथे काय बघायचंय? सिनेमा लागलाय का?"

मागे बसलेले दोघे हसले. मीही हसलो, धाकटे. हसलो आणि पुठ्ठा काखेत मारून बाहेर आलो. रस्त्याच्या कडेला एका रसवाल्याचं यंत्र कुरकुरत होतं, त्याचा पट्टा सैल होता. न विचारता घट्ट करून दिला, तेवढंच माझ्या हातून झालं त्या दिवशी.

घरी येऊन ऑफिस बंद होतं म्हणालो, आणि त्याच दमात तुला तेच लिहिलं. काल तुझी वहिनी शर्टाचे धागे कापता कापता म्हणाली, "बंद ऑफिसात दुपारपर्यंत काय करत होतात? झाडलोट?" मग कात्री खाली ठेवली. "चार वर्षं नणंदेला पत्र नाही, कारण तुमची मान वाकत नाही. ती तिकडे वाकली नाही, इकडे वाकली नाही, पोरीची मात्र पहिल्यापासून खाली. मानेला काय खिळा मारलाय का तुमच्या?"

मी तिची कात्री उचलून धार बघायला लागलो.

मुंगी टेबलाखाली होती. बाहेर आली, केसांतला दोरा ओढून काढला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलं का नाही?"

पान गेल्याचं दाखवलं होतं त्यानंतरचा हा तिचा पहिला प्रश्न. सहज विचारला, टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला वाटतं मी म्हणालो, जा, झोप.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की काही मागत नाही. ते खोडतो. तू ये. माझ्याबरोबर त्या खिडकीशी चल. येता येत नसेल तर तिथे पहिलं वाक्य काय बोलायचं ते लिहून पाठव. दुसरं मी बघतो. आणि धाकटे, कुणालाही न हसता सांग. तुम्ही लोक हे कुठे शिकता? कॉलेजात शिकवतात की घरातच?

तुझा दादा

२६ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र वेळेत पोचलं. तुला मुलांच्या परीक्षा सोडून निघता येणार नाही हे समजू शकतो. तू लिहून पाठवलेलं वाक्य मी बसमध्ये पाठ केलं. "माझ्या मुलीच्या प्रश्नपत्रिकेत चार पानं नव्हती, मला फेरतपासणीचा अर्ज हवा आहे." तुझ्या सांगण्याप्रमाणे मुंगीलाही नेलं. काल, शेवटच्या दिवशी. त्याआधी दोनदा निघालो आणि चौकातून परत आलो, हेही आता लिहून टाकतो.

कारकून तोच. मला ओळखलंन. "या," म्हणाला, "आज कुठला खेळ?"

मी वाकलो आणि वाक्य बोललो. सगळं बोललो, पण कारखान्यात बोलतो तेवढ्या आवाजात. अख्खी खोली वळून बघायला लागली. कारकून मागे सरकला. म्हणाला, "हळू हो काका, काच फुटेल." मग त्याने पत्रिका चाळली, आठ, तेरा, परत आठ. अर्ज दिला. मी लिहिला. अक्षराबद्दल सांगायचं तर त्याने तो वाचताना एकदाही डोळे बारीक केले नाहीत.

वाचून झाल्यावर म्हणाला, "हे सगळं खरं असेल. पण परीक्षा झाली जानेवारीत. पानं नव्हती तर त्याच वेळी का नाही सांगितलं? नियमच आहे, पहिल्या पंधरा मिनिटांत बदलून मिळते. पहिल्या पानावर छापलंय."

छापलंय. मी बघितलं होतं. तिनेही वाचलं होतं. मी तोंड उघडलं आणि तू एकच वाक्य पाठवलं होतंस, धाकटे, दुसरं माझ्याकडे नव्हतं.

तेवढ्यात मुंगी टाचा उंचावून त्या भोकापाशी गेली. तिची हनुवटी जेमतेम फळीला लागत होती. म्हणाली, "तेव्हा मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं? नियम?"

"नियम वाचला होता. ती पानं माझी पण असतात, हे माहीत नव्हतं."

कारकुनाने हातातलं पेन खाली ठेवलं. तो वाईट माणूस नाही, दिवसभर तसल्या भोकातून बोलून माणूस तसा होत असेल. अर्ज घेऊन आत गेला. बऱ्याच वेळाने एक मोठ्या बाई बाहेर आल्या आणि आम्हाला आत त्यांच्या टेबलापाशी घेऊन गेल्या. त्यांनी मुंगीला सगळं पुन्हा विचारलं, शेजारच्या मुलीचं, चित्राचं. मुंगीने सांगितलं. मध्ये एकदा माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं, तेव्हा ती पुढे बोलली. मग त्या बाई मला म्हणाल्या, "पर्यवेक्षकांचा अहवाल मागवते. पण खोटी आशा देत नाही. जागा भरल्यात, मुलांचे प्रवेश झालेत. तुमचा मुद्दा मान्य झाला तरी कदाचित पुढच्या वर्षी परत बसता येईल, एवढंच." पुढच्या वर्षी तिचं वय बसतं का, हे मी विचारलं. मी विचारलं, बरं का. त्या म्हणाल्या, बघावं लागेल.

शिक्का मारलेली पोच पुठ्ठ्यात आहे. तुझी वहिनी म्हणते होईल. मला तसं लिहिता येत नाही. जानेवारीत 'मिळेल' लिहिलं होतं, त्यानंतर हात आवरता घेतलाय.

काल परतीच्या वाटेवर मुंगीने तोंड उघडलं ते घरापर्यंत मिटलं नाही. त्या बाईंच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोळा फिरतो का? काच मध्ये का लावतात? आपल्या वर्गात साठ आणि तिकडे वीस, तर तिकडच्या बाईंना उरलेल्या वेळात काय काम असतं? बसमधली माणसं बघत होती. मी दोनदा "पुरे" म्हणणार होतो. निम्म्याहून जास्त प्रश्नांना मी "माहीत नाही" म्हणालो. हे दोन शब्द माझ्या तोंडून तिने आजवर ऐकले नव्हते. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ती थांबून माझ्याकडे बघायला लागली, मला काही होतंय की काय म्हणून.

आज सकाळी एका मशिनीचे टाके सुटत होते. सुईखालची पट्टी काढली, हुक सैल केला. ती शाळेचं दप्तर पाठीला लावून माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "हे कसं लावतात?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी पाठ तिच्याकडे आहे. मी मुद्दाम केली नव्हती. बाजूला सरकायला मला वेळ लागला, कारण दोन मशिनींच्या मध्ये एकाच माणसापुरती जागा असते. मग ती पुढे आली आणि मी मागे उभा राहिलो. शाळेला उशीर झाला तिला.

आता मागणं. जहाजाच्या उताऱ्याची ती चार पानं तुझ्या शाळेत कुणाकडे तरी असतील. पाठव. निकालासाठी नको. तिने मला विचारलंय, त्या जहाजाचं पुढे काय झालं. आणि ती पुस्तकं, मी परत पाठवलेली, तू कुणाला देऊन टाकली असशील तर काही म्हणणं नाही. नसशील तर तीही पाठव. आता ती लहान वर्गाची झाली असतील, तरी चालतील. मधली पानं तिला बघायची आहेत.

तुझा दादा